मिस्टर तिओ आणि दोन टोकांचा ब्रश

मिस्टर तिओ किम स्वी यांना मी सव्वीस वर्षं सहन केलं. मुद्दाम 'सहन केलं' म्हणते. बागानच्या बंदराजवळ, कॉफीच्या दुकानावरच्या मजल्यावर आमच्या क्लिअरिंग एजन्सीचं ऑफिस होतं. तिथे माझं टाइपरायटरचं टेबल आणि त्यांचं टेबल समोरासमोर. मान वर केली की दर्शन त्यांचं. माझ्या नवऱ्याचं तोंडही मी तितके तास पाहिलेलं नाही. आता ते दोघेही नाहीत, आणि खरं सांगायचं तर सकाळचे आठ वाजले की आठवण मिस्टर तिओंचीच येते.

बारीक अंगाचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. बोलणं कमी. हट्ट मात्र बैलाचा. खाली कॉफीच्या दुकानात गेलो आणि दोन पदार्थांपैकी काय घ्यावं हे ठरेना, तर ते पाटीवर जो शेवटी लिहिलेला असेल तो मागवायचे. मी विचारलं तर म्हणाले (लग्नानंतरही मी त्यांना 'मिस'च होते), "जकातीच्या पुस्तकात असंच लिहिलंय, मिस कनगा. ठरतच नसेल तर यादीत शेवटचा जो नंबर, तो धरायचा." या नियमाने त्यांनी आयुष्यभर शेंगदाण्याचं धिरडं खाल्लं, कारण पाटीवर तेच शेवटी होतं.

त्यांचं काम सांगायला सोपं. बोटीतून माल उतरला की तो काय आहे हे फॉर्मवर लिहायचं, पुस्तकातला त्याचा नंबर टाकायचा आणि खाली सही ठोकायची. नंबरावरून जकात ठरते. तांदूळ म्हणजे तांदूळ, सायकल म्हणजे सायकल. पण त्या काळात तैवान-जपानच्या कारखानदारांना एका वस्तूत दोन वस्तू कोंबायची खोड लागली होती. दिव्यात घड्याळ, स्टुलाला पिशवी, छत्रीच्या मुठीत बॅटरी. अशा वस्तूंसाठी पुस्तकात नियम होता, की जो भाग त्या वस्तूला तिचा मुख्य स्वभाव देतो तोच धरायचा. आता स्वभाव ठरवायचा कुणी? बाकीचे एजंट ज्या भागावर जकात कमी, त्याला स्वभाव म्हणत आणि मोकळे होत. मिस्टर तिओ नमुना घरी नेत.

घरी नेऊन काय करत, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. सियू खिम त्यांचं नाव. गोल चेहऱ्याची, मोठ्याने हसणारी बाई. दर शुक्रवारी केळीच्या पानात काहीतरी गोड बांधून ऑफिसात यायची आणि पहिला घास मला द्यायची.

"कनगा, हा माणूस मला काही सांगत नाही," ती एकदा म्हणाली. "नुसती वस्तू आणतो, ओट्यावर ठेवतो आणि वही घेऊन कोपऱ्यात बसतो. मी भाजी चिरतेय आणि हा बघतोय! पंधरा दिवसांपूर्वी ते पिशवीवालं स्टूल आणलं. मी बाजारात नेलं, त्यात भोपळा भरला, मासळी भरली. आठव्या दिवशी हा विचारतो, 'तू त्याच्यावर एकदाही बसली नाहीस?' मी म्हटलं, बसायला वेळ कुणाला आहे?"

मिस्टर तिओंनी नवव्या दिवशी फॉर्मवर लिहिलं होतं: पिशवी.

कस्टमच्या शेडमधले साहेब हसले, पण मानले. वर्षामागून वर्षं गेली तशी त्यांची ख्यातीच झाली. एखाद्या वस्तूवर वाद झाला की शेडमधून निरोप यायचा, "तिओला विचारा, त्याच्या घरी काय ठरलं?" आमचा शेठ, तौके लाऊ, कपाळावर हात मारून घ्यायचा, कारण आठ-आठ दिवस माल बंदरात अडकून पडायचा. पण तिओंच्या सहीचा फॉर्म कधी परत आला नाही, म्हणून तोही गप्प बसायचा. हात कुठे जातो ते बघायचं, एवढीच त्यांची विद्या. हात सियू खिमचा होता, हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

सियू खिम शहाऐंशीच्या मे महिन्यात गेली. पोटात काहीतरी निघालं आणि सहा आठवड्यांत संपलं. मिस्टर तिओ आठव्या दिवशी बाहीला शोकाची काळी पट्टी लावून कामावर आले, पेन उघडलं आणि अडलेला फॉर्म पुढे ओढला. मी रडले, ते नाही रडले. शंभर दिवसांनी पट्टी निघाली. शुक्रवार आला की दाराशी पाऊल वाजेल असं मला कितीतरी दिवस वाटायचं. त्यांना वाटत असेल का, हे मी कधी विचारलं नाही. याची मला आज लाज वाटते.

नमुने मात्र ते घरी नेत राहिले. आता ओट्यापाशी कोण उभं राहतं, हा प्रश्न ऑफिसात कुणाच्याच डोक्यात आला नाही.

पुढच्या वर्षी जुलैत मॅडम बे आली. बे गाइक चू. तिचा नवरा सुंगाई दुआला डिस्कस मासे पैदा करायचा. ताटलीसारखे चपटे, निळ्या-तांबड्या रेघांचे, नाजूक इतके की पाणी जरा बिघडलं तर काळे पडून कोपऱ्यात बसतात. सियू खिमने घरी माशांची एक टाकी ठेवली होती, तिच्यातले मासे त्यानेच दिलेले. तो वारला, बाईने मासे विकले आणि बाजारात एक गाळा घेतला. माशांचं खाणं, नळ्या, जाळ्या, असलं सामान. आणि आता हिंमत करून तिने तैवानहून पहिलाच माल मागवला होता. टाकी साफ करायचे पाच हजार ब्रश. हातभर लांब प्लास्टिकचा दांडा, एका टोकाला स्पंज, दुसऱ्या टोकाला राठ केसांचा गुच्छ.

"स्वी-को, एवढं नीट बघून कर हं," ती मिस्टर तिओंना म्हणाली. को म्हणजे दादा. तिच्या नवऱ्यामुळे तिचं त्यांच्याशी तसं नातं होतं. "माझं होतं नव्हतं ते या खोक्यांत आहे. हे विकलं तर गाळा राहील, नाहीतर मुलाकडे इपोहला जाऊन सुनेची भांडी घासायची."

"भांडी घासायला हाच ब्रश चालेल," तौके लाऊ म्हणाला. बाई हसली. तेव्हा सगळे हसत होते.

त्या वर्षीच्या आमच्या पुस्तकात ब्रशवर जकात भारी होती आणि प्लास्टिकच्या घरगुती सामानावर हलकी. स्पंजाचं टोक धरलं तर प्लास्टिकचं सामान, केसांचं टोक धरलं तर ब्रश. शेठ म्हणाला, स्पंज लिही आणि मोकळा हो. शेडमधले बदरुल साहेबसुद्धा म्हणाले की तुम्ही लिहाल ते मी मान्य करीन. मिस्टर तिओंनी नमुना वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सायकलच्या कॅरियरला लावला.

नवव्या दिवशी ते आले. वहीत लिहिलेलं होतं: आठ दिवसांत केस आठ वेळा, स्पंज एकदाही नाही. फॉर्मवर त्यांनी लिहिलं: ब्रश.

मॅडम बेने ऑफिसात जो दंगा केला तो खाली कॉफीवाल्यापर्यंत ऐकू गेला. "तुला माझ्या नवऱ्याने मासे दिले! फुकट दिले! आणि तू मला ब्रश देतोस?"

"ती वस्तू ब्रश आहे, गाइक चू. मी वापरून बघितली."

"वापरून बघितली म्हणे! माशांच्या टाक्यांमध्ये वीस वर्षं गेली माझी, मला कळत नाही?"

"मग तू सांग, तुझा हात कुठल्या टोकाला जाईल?"

"माझा हात आत्ता तुझ्या कानाखाली जाईल!" असं म्हणून ती जिना उतरून गेली. त्यानंतर तिने आमच्या दारात पाऊल टाकलं नाही.

तिचं काय झालं ते बाजारातून कानावर यायचं. भारी जकातीने ब्रश महाग पडला. काही फार्मवाल्यांनी तिच्या नवऱ्याच्या ओळखीखातर थोडे-थोडे घेतले. मग कुणीतरी तसलाच ब्रश दुसऱ्या बंदरातून प्लास्टिकचं सामान म्हणून आणला आणि निम्म्या दराने विकायला काढला. बाईच्या गाळ्यात छतापर्यंत खोकी तशीच पडून होती. मी मिस्टर तिओंना हे सांगितलं, जरा टोचूनच सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं. पण ब्रश तो ब्रशच." मला त्या दिवशी त्यांचा राग आला. प्रामाणिक माणसाचा येतो तसा, तोंडावर काही म्हणता येत नाही असला राग.

अकरा महिने गेले. जूनमध्ये कुठल्याशा कामासाठी मिस्टर तिओ सुंगाई दुआच्या एका फार्मवर गेले. मासे भरून पाठवायच्या ऑक्सिजनच्या पिशव्या बघायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते टोपी न काढता खुर्चीत बसले.

"मिस कनगा, एक अर्ज टाइप करायचाय. कस्टमला. मी केलेली नोंद चुकली असं लिहायचंय."

मी कागद लावायचा विसरले. सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'चुकली' हा शब्द मी तेव्हा ऐकला, आधी नाही आणि नंतरही नाही.

ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. फार्मवर भिंतीला मॅडम बेचे बारा ब्रश टांगलेले होते. बाराच्या बारा ब्रशांचा स्पंज झिजून बोटाएवढा झालेला आणि केस मात्र कोरे करकरीत, दुकानातून आणल्यासारखे. त्यांनी फार्मवाल्याला विचारलं, केसांचं टोक वापरत नाही का? फार्मवाला म्हणाला, "कशाला वापरू? टाकी रोज पुसली तर काचेवर नुसता बुळबुळीत थर येतो, तो स्पंजानेच निघतो. केसांनी मासे बुजतात. केस लागतात ते वर्ष-वर्ष हात न लावलेल्या टाकीला. पण तशी टाकी कोण ठेवतं, स्वी-को?"

"हे सगळं लिहायचं?" मी विचारलं.

"सगळं. आणि पुढे लिहा. 'मी सदर नमुना ज्या टाकीत वापरून पाहिला ती माझ्या घरची टाकी माझी पत्नी वारल्यापासून चौदा महिने पुसलेली नव्हती. काचेवर शेवाळ वाळून घट्ट झालं होतं. त्यामुळे केसांची गरज पडली. हा त्या वस्तूचा नेहमीचा वापर नव्हे.'"

माझी बोटं 'पत्नी'पाशी अडली. "मिस्टर तिओ, हे वाक्य नको. 'टाकी अस्वच्छ होती' एवढं पुरे आहे."

"किती अस्वच्छ आणि का, हे त्यांना कळलं पाहिजे. अर्धी माहिती म्हणजे खोटी माहिती."

"पण हा तुमचा खासगी..."

"फॉर्मवर सही माझी आहे ना? मग खासगी काही नाही. लिहा."

मी लिहिलं. तीनदा चुकलं, तीनदा कागद बदलला. डोळ्यांत पाणी आल्यावर टाइपरायटरची अक्षरं एकसारखी दिसतात, हे कुणाला सांगून पटायचं नाही.

तौके लाऊने अर्ज वाचला आणि कडाडला. "किम स्वी, आपणच चुकलो असं कस्टमला लिहून देणारा एजंट मी उभ्या जन्मात ऐकला नाही! तुझ्या बाकीच्या फॉर्मवर उद्या संशय घेतील. तुझा एजंटचा पास काढून घेतला तर?"

"घेऊ देत."

"आणि माझ्या ऑफिसचं काय?"

"एक वर्षाच्या आत अर्ज केला तर दुरुस्ती होते. सत्तावीस दिवस उरलेत. तुम्हाला नको असेल तर मी एजन्सीच्या कागदावर देत नाही, माझ्या नावाने देतो."

शेठने कागद टेबलावर आपटला, खिडकीपाशी जाऊन सिगारेट पेटवली आणि तिकडेच तोंड करून म्हणाला, "एजन्सीच्याच कागदावर दे. नाहीतर लोक म्हणतील, लाऊने म्हाताऱ्याला एकटं पाठवलं."

बदरुल साहेब त्या वेळी वादाच्या नोंदी बघायचे. गंभीर चेहऱ्याचा, चष्म्याच्या वरून बघणारा माणूस. मिस्टर तिओंच्या बरोबर मी गेले, कारण फार्मवरचे बारा ब्रश पोत्यात भरून न्यायचे होते आणि त्या पोत्याला असा काही वास होता की बसवाल्याने आम्हाला मागे बसवलं. साहेबांनी ब्रश एकेक करून टेबलावर मांडले. मग अर्ज वाचला. ते एक वाक्य त्यांनी बहुतेक दोनदा वाचलं, कारण डोळे खाली जाऊन पुन्हा वर आले.

"मिस्टर तिओ, माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण फाइलला माझा विश्वास चालत नाही. हे ब्रश फार्मवरचे आहेत. बाईचं गिऱ्हाईक घरी एक टाकी ठेवणारा माणूसही आहे. घरच्या टाकीचा पुरावा तुम्हीच दिला होता, आता तोच चूक म्हणताय. तर त्याच टाकीत पुन्हा करून दाखवा. आधी नीट साफ करा, मग लोक ठेवतात तशी ठेवा आणि हात कुठे जातो ते रोज लिहा. एक महिना."

"ठीक आहे, तुआन," मिस्टर तिओ म्हणाले. साहेबाला ते तुआनच म्हणत. पण त्यांचा चेहरा उतरला. पास गेला असता तरी इतका उतरला नसता.

मी मॅडम बेला निरोप दिला. ती गाळ्यातल्या खोक्यांकडे बघत राहिली. इपोहच्या मुलाला तिने महिनाअखेर येते म्हणून कळवलेलं होतं.

एक दिवस झाला, दोन झाले. रोज सकाळी मी विचारायची, "नोंद झाली?" आणि ते पेनाचं टोपण लावायचे-काढायचे. ब्रश तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पिशवीत होता. सातव्या दिवशी मी वही मागितली. पान कोरं.

"अहो, तुमच्याच अर्जाला तुम्ही आग लावताय," मी म्हटलं.

"करतो. रविवारी करतो."

रविवारी मी नेमाने देवळात जाते. त्या रविवारी गेले नाही. मॅडम बेला बरोबर घेतलं आणि सकाळी नऊला त्यांच्या दारात उभी राहिले. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत, खिडकीजवळ ती टाकी होती. मी पूर्वी ती पाहिलेली, तेव्हा तिच्यामुळे खोलीत उजेड पडायचा. आता चारही काचा गडद हिरव्या. आत मासे आहेत हे फक्त हलणाऱ्या सावल्यांवरून कळत होतं. पाणी ते बदलत होते, वरून खाणं टाकत होते. काचेला मात्र हात लावलेला नव्हता. नमुना वापरला तेव्हा एका कोपऱ्यात वीतभर घासलेली खूण होती, तीसुद्धा पुन्हा हिरवी झाली होती.

टाकीसमोर स्टूल ठेवून मिस्टर तिओ बसले होते. हातात ब्रश होता, आणि तोही कोरडा.

मॅडम बेने ते पाहिलं आणि तिचा तोल गेला. "चेंग बेंगला, पितरांच्या दिवशी, तुला थडगं घासताना पाहिलंय मी, स्वी-को! दगड आरशासारखा केला होतास. आणि हे? हे मासे माझ्या नवऱ्याच्या हातचे, तिच्या हाताखाली वाढलेले. त्यांना तू विहिरीत टाकलंस! हात मोडलाय का तुझा? अकरा महिने मी त्या खोक्यांखाली झोपते आणि तुझ्याने एक काच पुसवत नाही?"

मला वाटलं, आता हे उठून आत जातील. ते उठले नाहीत. ब्रशाकडे बघत, अगदी फॉर्म वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाले, "सियू खिम रोज सकाळी पुसायची. ती गेल्यावर स्वयंपाक माझा झाला, कपडे माझे झाले. सगळं एकेक करून माझं झालं. तिचं म्हणून एवढंच राहिलं होतं. मी पुसली की तेही माझं होणार."

मॅडम बे खाली बसली. ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी मऊ झाला होता, "माझा नवरा गेला तेव्हा मी एका महिन्यात सगळे मासे विकले. काच पुसताना मला त्याचा खोकला ऐकू यायचा. तू ठेवलेस तरी. आण तो ब्रश, पहिला हात मी मारते."

"नको," मिस्टर तिओ म्हणाले. "नोंद माझ्या हाताची आहे."

त्यांनी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. शेवाळ केसांनी खरवडून निघायला दोन तास लागले. आम्ही दोघी बादल्या भरत होतो, ओतत होतो. समोरची काच मोकळी झाली तसे मासे दिसले, पाच, पूर्ण वाढलेले, रंग शाबूत. पण मिस्टर तिओंचा चेहरा काचेजवळ आला आणि पाचही मासे झर्रकन काळे पडून मागच्या कोपऱ्यात घुसले.

"मला ओळखत नाहीत," ते म्हणाले. फार लागलं होतं त्यांना ते.

"ओळखतील कशाला?" मॅडम बे म्हणाली. "दोन वर्षं वरून नुसता हात दिसतोय त्यांना. रोज पूस. रोज तोंड दाखव. येतील."

महिन्याची मुदत बदरुल साहेबांनी त्या दिवसापासून धरली. तीस दिवस नोंद झाली. पहिल्या दिवशी केस, पुढचे एकोणतीस दिवस स्पंज. एक दिवसही केसांकडे हात गेला नाही. मी वही टाइप करायला घेतली तेव्हा पाहिलं, शेवटी एक जास्तीचा रकाना आखलेला होता. त्यात बारीक अक्षरांत काहीबाही होतं. मासे नळीमागे. मासे मागच्या काचेशी. दोन मध्ये आले, मग गेले. मी विचारलं, हे ठेवू की काढू? ते म्हणाले, "जे पाहिलं ते लिहिलंय. ठेवा."

बदरुल साहेबांनी वही आणि टाइप केलेली पानं शेजारी ठेवून ओळीने वाचली. चेहरा नेहमीसारखा गंभीर. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"याचा जकातीशी काय संबंध?"

"काही नाही, तुआन."

साहेबांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. मग चष्मा काढून विचारलं, "पुढे कधी आले?"

"तेविसाव्या दिवशी."

साहेबांनी मान हलवली, शिक्का ओढला आणि जुना नंबर खोडून नवा लिहिला. पासाचा विषय त्यांनी काढलाच नाही.

मॅडम बे बाहेर पायऱ्यांवर उभी होती. इपोहची पिशवी भरून तिने घरी ठेवलेली होती, हे तिने मला त्याच सकाळी सांगितलं होतं. आम्हाला बघून ती एक पायरी वर चढली.

"स्पंज," मिस्टर तिओ म्हणाले.

ती मटकन पायरीवर बसली आणि भर रस्त्यात, लॉरीवाल्यांच्या देखत हुंदके देऊन रडायला लागली. जास्तीची जकात परत मिळणार होती, खोकी आता रास्त भावाने विकली जाणार होती, गाळा राहणार होता. मीही रडले. मला तेवढंच येतं. मिस्टर तिओ मात्र पोत्याचं तोंड घट्ट धरून घड्याळाकडे बघत चुळबुळ करत होते.

"एवढी कसली घाई आहे?" मी डोळे पुसत चिडून विचारलं. "आता तर नोंदही संपली."

"चला, मिस कनगा," ते म्हणाले. "आज सकाळी इकडे यायच्या गडबडीत टाकी पुसायची राहिली."